दीड ते तीन वर्षांचं मूल पाळणाघरात रुळवताना: आधी माणूस, मग जागा, मग मुलं, मग वेळ

पाळणाघराचे पैसे भरले, नवी बॅग आणली, पाण्याच्या बाटलीवर नाव लिहिलं आणि सोमवारी सकाळी मूल थेट आठ तासांसाठी सोडून आलो. बहुतेक घरांत तयारी म्हणजे एवढीच असते. मग पंधरा दिवस रडारड, रात्री दचकून उठणं, डबा जसाच्या तसा परत येणं आणि महिन्याभरात पाळणाघर बदलायची किंवा गावाहून आजीला बोलवायची चर्चा. यात दोष बहुतेक वेळा ना पाळणाघराचा असतो ना मुलाचा. क्रम चुकलेला असतो.

या वयाचं मूल नव्या ठिकाणी चार गोष्टींशी ठरावीक क्रमानं जोडलं जातं. आधी एक माणूस ओळखीचं होतं. त्या माणसाच्या आधारानं जागा आणि खेळणी ओळखीची होतात. मग बरोबरच्या मुलांकडे लक्ष जातं. आणि सगळ्यात शेवटी पूर्ण दिवस तिथे राहायची ताकद येते. आपण मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ देतो, वीस मुलांत सोडतो, ‘जा, खेळ सगळ्यांशी’ म्हणतो आणि त्याला सांभाळणारं माणूस नेमकं कोण, हे विचारायचंही राहून जातं.

## टप्पा १: तारीख ठरवा, बाकीचे बदल थांबवा

कामावर रुजू व्हायच्या किमान दोन आठवडे आधी मुलाचं पाळणाघरात जाणं-येणं सुरू झालेलं असावं. पाळणाघर शोधणं त्याच्याही महिनाभर आधी. रजेचा शेवटचा आठवडा ‘बाळाबरोबर घालवू’ म्हणून राखून ठेवणारे खूप असतात. तो आठवडा पाळणाघरात मुलाबरोबर बसण्यासाठी ठेवा, त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

वयाचा हिशोबही लक्षात घ्या. आईपासून दुरावण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होते, दीड वर्षापर्यंत चांगलीच जोरात असते आणि तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरते. म्हणून २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपल्यावर आलेलं सहा महिन्यांचं बाळ पुष्कळदा पटकन रुळतं आणि सव्वा वर्षाचं मूल आकांत करतं. आई गेली हे त्याला कळायला लागलेलं असतं, ती संध्याकाळी येणार हे अजून कळत नसतं. सव्वा-दीड वर्षाच्या मुलासाठी दोनाऐवजी तीन आठवडे धरा.

जमत असेल तर जूनचा पहिला पंधरवडा टाळा. त्या दिवसांत निम्मी मुलं नवीन असतात, सगळी एकदम रडतात, ताईंचे हात पुरत नाहीत आणि पावसाळी सर्दी-तापाची साथ तेव्हाच सुरू होते. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी सुट्टीमुळे मुलं कमी असतात. तेव्हा सुरुवात केलेलं मूल जूनपर्यंत तिथलं जुनं झालेलं असतं.

आणि एका महिन्यात एकच बदल. अंगावरचं दूध सोडवणं, डायपर सोडवणं, वेगळ्या खोलीत झोपवणं, घर बदलणं यांतलं काहीही पाळणाघराच्या पहिल्या महिन्यात करू नका. ‘तिथे बाकीची मुलं शू सांगतात, हाही शिकेल’ म्हणून पहिल्याच दिवशी चड्डीवर पाठवलेलं मूल दिवसातून चार वेळा ओलं होतं आणि त्या जागेचीच धास्ती घेतं.

आधी हे विचारा: तुमच्या आस्थापनेत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील, तर २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आलेल्या नियमानुसार पाळणाघराची सोय देणं मालकाला बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येतं. बऱ्याच कंपन्या जवळच्या पाळणाघराशी करार करतात, पण स्वतःहून सांगत नाहीत. कार्मिक विभागाला लेखी विचारा. परवडत नसेल तर अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघराची चौकशी करा. केंद्राच्या पाळणा योजनेत ६ महिने ते ६ वर्षं वयाची मुलं घेतात. अंगणवाडी सेविकेला आपल्या भागात कुठे आहे ते माहीत असतं.

## टप्पा २: पाळणाघर दोनदा बघा, दोन वेगळ्या वेळी

सकाळी अकराला फोन करून गेलात की भिंतीवरची चित्रं, रंगीत खुर्च्या आणि हसऱ्या संचालिका दिसतात. दुसऱ्यांदा जेवणाच्या वेळी, साडेबाराच्या सुमारास जा. पाळणाघराचं खरं रूप जेवण भरवताना आणि झोपवताना दिसतं.

बघायचं ते हे: तोंड उघडावं म्हणून समोर टीव्ही किंवा मोबाइल लावलाय का? ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबतात का? रडणाऱ्या मुलाला उचलून घेतात, की ‘बघ, बाकीचे कसे शहाणे आहेत’ म्हणून लाजवतात? मुलाशी बोलताना ताई खाली वाकतात, बसतात, की उभ्या-उभ्याच वरून हाका मारतात?

मग तीन प्रश्न विचारा.

पहिला: माझ्या मुलाला दिवसभर कोण बघणार? नाव घेऊन उत्तर आलं पाहिजे. ‘आम्ही सगळेच बघतो’ हे उत्तर या वयासाठी पुरेसं नाही. दोन वर्षांखालच्या तीन-चार मुलांमागे एक माणूस असेल तरच प्रत्येकाचं रडणं वेगवेगळं ओळखू येतं.

दुसरा: ती व्यक्ती इथे किती दिवस आहे? दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असतील, तर मूलही दर दोन महिन्यांनी पहिल्या दिवसावर येतं. घरातल्या हॉलमध्ये चालणारं, एकच काकू वर्षानुवर्षं सांभाळते असं साधं पाळणाघर या कसोटीवर चकचकीत साखळी डे-केअरपेक्षा पुष्कळदा सरस ठरतं.

तिसरा: मूल रडायचं थांबलंच नाही तर तुम्ही काय करता? ‘उचलतो, खिडकीत नेतो, तुमचं दुपटं देतो, अर्ध्या तासात नाही थांबलं तर फोन करतो’ असं काहीतरी नेमकं ऐकू आलं पाहिजे. ‘आमच्याकडे कोणी रडतच नाही’ असं सांगणाऱ्यांकडे मूल ठेवू नका.

सुरक्षेची तपासणी, जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी:
- बाथरूममध्ये भरलेली बादली किंवा टब. या वयाचं मूल वितभर पाण्यातही बुडू शकतं. बादली रिकामी, दाराला वरून कडी.
- गॅलरी-खिडक्यांचे गज. त्यांतून मुलाचं डोकं जाता कामा नये आणि खाली चढायला खुर्ची किंवा पेटी नसावी.
- रिमोट आणि वाजणाऱ्या खेळण्यांच्या बटण-बॅटऱ्या. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करते. झाकण स्क्रूनं बंद हवं.
- मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं याची नोंद. नोंदीत नसलेल्या माणसाच्या हाती, मग तो काका म्हणवणारा असला तरी, मूल देता कामा नये.

सावध: पालकांना कुठल्याही वेळी, न सांगता आत येऊ देत नाहीत अशा ठिकाणी मूल ठेवू नका. कॅमेरा हा त्याला पर्याय होत नाही. कॅमेऱ्यात मूल बसलेलं दिसतं, त्याच्याशी कोणी बोलतंय की नाही हे कळत नाही. कुठे काही गैर घडल्याचा संशय आला, तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास मोफत आहे.

## टप्पा ३: घरची दोन आठवड्यांची तयारी

इथे अक्षरं, रंग किंवा आकडे शिकवायचे नाहीत. चार गोष्टींची सवय लावायची आहे.

वेळ. पाळणाघरात बाराला जेवण आणि एकला झोप असेल, तर घरचं वेळापत्रक रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवत तिथे आणा. रात्रीची झोप त्याहून महत्त्वाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. रात्री अकराला झोपून सकाळी सातला ओढून उठवलेलं मूल दारात रडतं, ते अर्धं झोपेपायी.

परका हात. मूल फक्त आईच्याच हातून जेवत असेल तर आत्ताच बाबांनी, आजीनं, शेजारच्या काकूंनी भरवायला सुरुवात करा. आई अर्ध्या तासासाठी खरोखर घराबाहेर जाऊ दे आणि सांगून जाऊ दे.

जाणं आणि परत येणं. तोंडावर दुपटं घेऊन ‘भॉक’ करणं, दाराआड लपून बाहेर येणं, डब्यात चेंडू टाकून परत काढणं. हे खेळ रोज खेळा. नाहीसं झालेलं परत येतं, ही गोष्ट मूल शब्दांआधी अशा खेळांतून शिकतं.

घरची एक वस्तू. दुपटं, जुन्या साडीची गोधडी, आईची ओढणी. पाळणाघरात पाठवताना ती धुऊ नका, घरचा वास राहू द्या.

याच पंधरवड्यात ताईंसाठी एक पानभर कागद लिहा. ॲलर्जी, औषधं, डॉक्टरांचा नंबर हे सगळे लिहितात. राहतात ते मुलाचे घरगुती शब्द. एका घरात पाण्याला ‘बू’ म्हणत. पहिल्या दिवशी ती मुलगी दुपारभर ‘बू, बू’ करत रडली आणि ताई तिला समजावत राहिल्या की इथे बागुलबुवा नाही. तहानलेलं मूल बिचारं! पाणी, भूक, शी-शू, झोप, उचलून घे, नको, दुखतंय, या सगळ्यांसाठी तुमचं मूल काय म्हणतं किंवा कशी खूण करतं, ते लिहून द्या. कसं झोपतं तेही लिहा: पाठीवर थोपटून, कान चोळून, पायावर घेऊन. घरी मराठी आणि पाळणाघरात हिंदी असेल तर या कागदाची गरज दुप्पट.

तपासा: मूल आईशिवाय दुसऱ्या कोणाजवळ अर्धा तास राहतं का? दुसऱ्याच्या हातून चार घास खातं का? दोन्ही होत नसेल तर पुढचा टप्पा आठवडाभर लांबवा.

## टप्पा ४: पहिले दोन आठवडे, दिवसाच्या मापानं

सुरुवात सोमवारी करू नका. बुधवार-गुरुवारी केलीत तर तीन-चार दिवसांनी घरचा रविवार मिळतो आणि मुलाला दम खाता येतो. रोज सोडायला जो जाणार आहे, बाबा असोत की आजोबा, त्यानंच हे दिवस बसावं. आईनं आठवडाभर बसून नंतर अचानक बाबांनी सोडायला सुरुवात केली की मुलासाठी तो पुन्हा पहिला दिवस होतो.

१. पहिला दिवस, एक तास, तुम्ही आत. भिंतीला टेकून जमिनीवर बसा. मोबाइल बाहेर काढू नका. ‘जा ना, खेळ ना’ म्हणून ढकलू नका. मूल मांडीवरच बसलं तरी चालेल. ताईंनी मुलाशी थेट लगट न करता जवळ बसून काहीतरी मांडावं: वाट्या एकात एक घालणं, ठोकळे रचणं. मूल बघतं. बघणं हेच पहिल्या दिवसाचं काम.

२. दुसरा दिवस, दीड तास, तुम्ही आत पण लांब. खाऊ ताईंनी द्यावा, डायपर ताईंनी बदलावा, तुम्ही बाजूला असताना. हा दिवस सगळ्यात जास्त वगळला जातो आणि त्याचीच किंमत नंतर मोजावी लागते. आपली आई या बाईवर विश्वास ठेवते आहे, हे मूल तुमच्या चेहऱ्यावरून वाचत असतं.

३. तिसरा दिवस, पहिला निरोप, वीस मिनिटं. सांगून बाहेर जा. इमारतीखाली थांबा. वीस मिनिटांनी या, मग मूल रडत असो वा खेळत. परत आल्यावर लगेच घरी न पळता दहा मिनिटं तिथेच बसा, म्हणजे दिवसाचा शेवट त्या जागेत शांतपणे होतो.

४. चौथा-पाचवा दिवस, एक ते दोन तास. जमलं तर वाढवा, नाही तर तिसऱ्या दिवसाइतकंच. शनिवारी-रविवारी सुट्टी आली तर त्यानंतरचा सोमवार एक पायरी मागे घ्या.

५. दुसरा आठवडा: आधी जेवण, मग झोप. दोन दिवस जेवण होईपर्यंत. तिथे नीट जेवलं की मगच झोप. परक्या जागी डोळे मिटायला सगळ्यात जास्त विश्वास लागतो, म्हणून झोप शेवटी. पहिल्या झोपेच्या दिवशी मूल उठायच्या वेळेला तुम्ही तिथे हजर असा.

६. झोपेचे दोन-तीन दिवस नीट गेले की पूर्ण दिवस.

‘एवढी रजा कुठे असते’ हा प्रश्न खरा आहे. मग दिवस कमी करा, पायऱ्या वगळू नका. सकाळी दुसरी पायरी, संध्याकाळी तिसरी असं करता येतं. आई-बाबा अर्धा-अर्धा दिवस वाटून घेऊ शकतात.

तपासा: पुढच्या पायरीवर जायची खूण म्हणजे रडणं थांबणं नव्हे. रडू आलं तर मूल ताईंकडे जातं का, त्यांच्या कडेवर शांत होतं का, हे बघा. तसं होत असेल तर माणूस ओळखीचं झालं.

## टप्पा ५: दारातला निरोप

सगळ्यात जास्त चुका या दोन मिनिटांत होतात.

पहिली चूक म्हणजे गुपचूप सटकणं. मूल गाडीशी खेळतंय, आजी खुणावते, ‘जा आता, बघत नाहीये’. तुम्ही जाता, त्या दिवशी रडणं वाचतं. दुसऱ्या दिवसापासून मूल गाडीला हातही लावत नाही, कारण खेळण्यात लक्ष गेलं की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. मग घरीही ते तुमच्या मागेमागे बाथरूमच्या दारापर्यंत येतं.

दुसरी म्हणजे लांबलेला निरोप. ‘जाऊ का? जाऊ ना? रडणार नाहीस ना?’ असं विचारणं म्हणजे मुलावर निर्णय सोपवणं. ते ‘नको’च म्हणणार. मग तुम्ही तरीही जाणार.

तिसरी म्हणजे खोटं. ‘खाली गाडी लावून येते’, ‘चॉकलेट घेऊन येते’. दोनदा ऐकल्यावर तुमच्या ‘येते’ला किंमत उरत नाही.

रोज तोच, त्याच क्रमानं, साधारण मिनिटभराचा निरोप ठरवा. चप्पल रॅकमध्ये ठेवायची. बॅग खुंटीला. ताईंच्या हातात मूल द्यायचं, खाली ठेवून निघायचं नाही. मग डोळ्यांत बघून: ‘आई आता ऑफिसला जाते. तू जेवशील, गाई करशील, उठून दूध पिशील, मग आई येईल.’ एक पापा, टाटा, आणि निघायचं. ‘पाच वाजता येईन’ याला या वयात अर्थ नाही. जेवण, झोप, दूध ही त्याची घड्याळं आहेत. आणि दुधानंतर येईन म्हटलं की दुधानंतर यायचंच. उशीर होणार असेल तर ताईंना फोन करा, म्हणजे त्या मुलाला सांगू शकतील.

ताईंच्या कडेवर मूल रडत असताना पाठ फिरवणं फार जड जातं. दाराबाहेर थांबून कानोसा घ्या, पण पुन्हा आत डोकावू नका. दहा मिनिटांनी ताईंना फोन करा. बहुतेक मुलं तोवर शांत झालेली असतात.

सावध: ‘रडलास तर आई येणार नाही’ हे वाक्य ना घरात, ना पाळणाघरात, ना लाडानं, ना रागानं. ताई म्हणत असतील तर त्याच दिवशी बोला.

## टप्पा ६: खेळ बघायला शिका

‘दिवसभर नुसता खेळतो, काही शिकवत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक पाळणाघर ऐकतं आणि तिच्या दबावाखाली दोन वर्षांच्या मुलांच्या हातात पाटी-पेन्सिल देतं. असं करायला लावू नका. या वयाचं शिकणं हात, पाय आणि तोंडातून होतं. वाटीतून वाटीत पाणी ओतणाऱ्या मुलाची मनगटं पुढे पेन्सिल धरण्यासाठीच तयार होत असतात.

पाळणाघरात आणि घरी मिळून १ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि २ वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको, त्यानंतर ४ वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास. म्हणून विचारायचं ते असं: रोज मोकळ्यावर किती वेळ नेता? पावसात काय करता?

घरी खेळणी विकत आणायची गरज फार थोडी. कणकेचा गोळा आणि पोलपाट-लाटणं, चमचा आणि रिकामे डबे, गाद्यांचा डोंगर, ओली फरशी पुसायला एक फडकं, भातुकली. भातुकलीचा खेळ दोन वर्षांनंतर फुलतो: मूल रिकाम्या कपातून तुम्हाला चहा देतं. तो प्या, गरम आहे म्हणून फुंका. लटका चहा आणि ‘अजून साखर’ यांतून भाषा जितकी वाढते, तितकी चित्रकार्डं दाखवून वाढत नाही.

सावध: आपल्या पारंपरिक खेळांतले चिंचोके, कवड्या, सागरगोटे, गोट्या तीन वर्षांखाली नकोत. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. खाण्यातही अख्खे शेंगदाणे, फुटाणे, डाळिंबासारखे निसटते दाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट बारीक हवं, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. डब्याबरोबर हे ताईंनाही सांगा, कारण दुसऱ्या मुलाच्या डब्यातला दाणा तुमच्याही मुलापर्यंत पोचतो.

## टप्पा ७: बरोबरची मुलं

‘मित्र झाले का?’ हा प्रश्न दोन वर्षांच्या मुलासाठी लवकरचा आहे. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या, त्या आजही कामी येतात. मूल आधी एकटं खेळतं, मग दुसऱ्याचा खेळ बघत उभं राहतं, मग शेजारी बसून स्वतःचा तसाच खेळ खेळतं, त्यानंतर वस्तूंची देवघेव करत खेळतं आणि शेवटी मिळून एक खेळ मांडतं. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं पाठीला पाठ लावून आपापले ठोकळे रचत असतील, तर त्यांचं उत्तम चाललं आहे. एखादं मूल पंधरा दिवस नुसतं बघत बसतं, त्यालाही बघू द्या.

आता भांडण. अडीच वर्षांची मुलगी भातुकलीतला इवलासा कुकर हातात घेऊन बसली आहे. दुसरा येतो, कुकर ओढतो, ती किंचाळते. मोठी माणसं तिथे दोन गोष्टी करतात: ‘शेअर करायचं असतं ना बाळा’ म्हणून तिच्या हातून काढून त्याला देतात, नाही तर कुकरच उचलून कपाटावर ठेवतात. पहिल्यात ती शिकते की ओढणाऱ्याला मिळतं. दुसऱ्यात दोघंही काही शिकत नाहीत. त्याऐवजी दोघांच्या मधे खाली बसा, कुकरवर हात ठेवा आणि हळू आवाजात सांगा: ‘कुकर हिच्याकडे आहे. तुलाही हवाय. हिचं झालं की तुला.’ मग त्याला वाट बघायला काहीतरी द्या, कढई ढवळायला चमचा किंवा भाजी म्हणून ठोकळे. मिनिटभरानं तिला विचारा, ‘झालं का तुझं?’ ती स्वतः देते तेव्हा दोघांनाही सांगा, ‘हिनं दिला, त्याला मिळाला.’ आपल्याला परत मिळणार याची खात्री वारंवार पटल्यावरच मूल मनापासून द्यायला लागतं. ते साधारण तीन-साडेतीन वर्षांनंतर. तोवर एकाच जातीची दोन-तीन खेळणी ठेवणं हा पाळणाघराचा साधा शहाणपणा.

चावणं. एक ते तीन या वयात हे सर्रास होतं. शब्द कमी, दात येत असतात, गर्दी जास्त. ज्याला चावलं त्याला आधी जवळ घ्या, जखम साबण-पाण्यानं धुवा. चावणाऱ्याला तीन-चार शब्दांत: ‘चावायचं नाही. दुखतं.’ उलट चावून दाखवणं, सगळ्यांसमोर उभं करणं, ‘चावरा’ म्हणून नाव पाडणं पूर्ण बंद. मग ताईंसोबत बघा की हे कधी होतं. बहुतेकदा जेवणाआधी भुकेल्या वेळी किंवा झोपेआधी दमलेल्या वेळी होतं. त्या अर्ध्या तासात एक मोठं माणूस त्या मुलाजवळ बसवलं की प्रमाण उतरतं. दोन्ही मुलांच्या आई-बाबांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांना जाब विचारू नये, ताईंमार्फत बोलावं.

अडीच वर्षांनंतर मूल एखाद्याचं नाव सारखं घ्यायला लागलं, तर त्या एकाच मुलाला महिन्यातून एखाद-दोनदा घरी बोलवा. एक तास पुरे, दोन मुलं पुरेत. पाहुणा येण्याआधी लाडकी बाहुली आपल्या मुलाला विचारून कपाटात ठेवा. जे द्यायचं नाही ते समोर नसेल, तर अर्धी भांडणं होतच नाहीत.

## टप्पा ८: संध्याकाळ आणि आजारपण

दिवसभर हसत असलेलं मूल तुम्हाला बघताच भोकाड पसरतं. ताई म्हणतात, ‘आत्तापर्यंत छान होता हो!’ दोघांचंही खरं आहे. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं आपल्या माणसाजवळ सुटतं. घरी पोचल्यावर पहिली वीस मिनिटं फोन, कुकर, कपडे सगळं बाजूला. मांडीवर घ्या. ‘आज रडलास का?’ विचारू नका, रडणं ही महत्त्वाची बातमी आहे असं त्याला वाटतं. ताईंना मात्र रोज विचारा: काय खेळला, किती जेवला, कोणाजवळ झोपला.

पहिल्या काही महिन्यांत सर्दी-खोकला वारंवार होतो. लसीकरण वेळेवर असू द्या. ताप आला तर औषध न देता सलग २४ तास ताप नसेपर्यंत घरी ठेवा. सकाळी तापाचं औषध पाजून पाठवणं हा नोकरीच्या अडचणीतून येणारा मोह आहे, पण औषधाचा अंमल उतरला की दुपारी मूल तापानं फणफणतं आणि तोवर साथ पसरलेली असते. पावसाळ्यात तोंडात, तळहातांवर, तळपायांवर पुरळ दिसलं, तर हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा आणि पाळणाघराला त्याच दिवशी कळवा. आजारपणात कोण रजा घेणार, हे आई-बाबांनी आधीच वाटून ठेवावं.

## टप्पा ९: थांबून बघायच्या खुणा

नीट क्रमानं केलं तर बहुतेक मुलं तीन ते सहा आठवड्यांत रुळतात. दारात थोडं रडणं त्यानंतरही राहू शकतं. पण पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका:

- सहा आठवड्यांनंतरही मूल दिवसभर खात नाही, खेळत नाही, कोपऱ्यात गप्प बसून असतं. गप्प मूल रडणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचं.
- एका ठरावीक व्यक्तीला बघून आखडतं, कपडे बदलताना घाबरतं, अंगावर कारण न सांगितलेल्या खुणा दिसतात. मूल लगेच काढून घ्या, डॉक्टरांना दाखवा.
- एक वर्षाचं होऊनही नावानं हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षापर्यंत बोट दाखवून काही मागत नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द विसरतं. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलांची तपासणी करतं, आणि जिल्हा पातळीवर डीईआयसी हे पुढच्या तपासणीचं सरकारी केंद्र असतं. तिथे उपचार मोफत मिळतात.

दिवाळी-गणपतीची मोठी सुट्टी, आजोळी घालवलेला महिना किंवा लांबलेलं आजारपण, यानंतर मूल पुन्हा दारात चिकटतं. तेव्हा टप्पा ४ मधल्या दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. ताई बदलल्या असतील तर मात्र पहिल्या पायरीपासून, आणि शक्य असेल तर जुन्या ताई जाण्याआधी नव्या ताईंना दोन दिवस त्यांच्या बरोबरीनं मुलाजवळ बसवायला पाळणाघराला सांगा.